हिरव्या दाराचं कुलूप

१

उदगीरचं लातूर करून दाखवतो, असं भीमाशंकरअप्पांनी एकदा भर सभेत सांगितलं, आणि त्या दिवसापासून उदगीरच्या पोरांचे हाल कुत्रं खाईना. अप्पांनी धान्याच्या मोंढ्यामागं तीन मजली इमारत उठवली, तिला 'ज्ञानगरुड निवासी विद्यालय' असं नाव दिलं आणि जिन्यापेक्षा रुंद पाटी वर चढवली. पाटीवर गरुड, गरुडाच्या चोचीत पुस्तक, आणि खाली 'येथे डॉक्टर घडतात'. मुखेडहून, देगलूरहून आईबाप एसटीनं यायचे, आडतीवर पोतं टाकावं तसं पोरगं फाटकात टाकायचे आणि मान ताठ करून परत जायचे. पोरगं आत जेवतं का, झोपतं का, हे विचारणं म्हणजे अडाणीपणा, असं सगळ्यांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं.

त्या शाळेत मंगळवारी दुपारी भूकंप झाला. घंटा बडवली गेली, "भूकंप! भूकंप!" असा ओरडा झाला, आणि तिसऱ्या मजल्यावर सरावपरीक्षा देणारी पोरं मागच्या संकटकाळच्या दाराकडं धावली. दाराला बाहेरून कुलूप होतं. पोरं माघारी वळली, पुढच्या अरुंद जिन्यावर दुसऱ्या वर्गांच्या लोंढ्याला धडकली, आणि त्या रेटारेटीत अलीझा नावाची अकरावीतली पोरगी पायाखाली सापडली. तिच्या कमरेचं हाड मोडलं. भिंतीला मात्र साधा तडा गेला नाही.

गुरुवारी पंचायत समितीतून तनुजा हंगरगे चौकशीला आली. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून तिनं तालुक्यातल्या इतक्या शाळा पाहिल्या होत्या, की आता तिला कुठल्याच शाळेचं कौतुक वाटत नसे. या बाईच्या जिभेला हाड नाही, असं मुख्याध्यापक म्हणायचे. हाड होतं, आणि ते बहुतेक वेळा त्यांच्याच घशात अडकायचं.

"या मॅडम, आधी आपली सज्जता बघून घ्या," अप्पा म्हणाले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळावर भस्म, चेहऱ्यावर नवरदेवाच्या बापाचं समाधान. गुजरातच्या भूकंपानंतर सरकारला पुन्हा एकदा जाग आली होती आणि प्रत्येक शाळेनं संकटाची तयारी ठेवावी असा हुकूम निघाला होता. अप्पांनी ती अशी ठेवली होती, की संकटालाच लाज वाटावी.

लाल बादल्या ओळीनं टांगल्या होत्या. तनुजानं एकीत बोट घातलं, तर बोट मुडपलं.

"ही वाळू आहे?"

"वाळूच. पोरं उधळतात म्हणून थोडं सिमेंट मिसळून घेतलं."

"छान. आग लागली की पूर्ण बादलीच फेकून मारायची. आणि या नळकांड्याला हळदकुंकू कशाला?"

"आग विझवायचं यंत्र आहे ते. दसऱ्याला पूजा केली."

"पूजेनंच विझवणार असाल तर यंत्र कशाला आणलं?"

अप्पा खळखळून हसले. आपली थट्टा होते आहे हे ज्यांना कळत नाही, अशा सुखी माणसांपैकी ते एक होते. त्यांनी तिला कचेरीत नेलं. भिंतीवर नवीकोरी मोठी तसबीर लटकत होती. मंगळवारचाच फोटो होता तो: फाटकाच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या, त्यातून सगळं पटांगण दिसतंय, पुढच्या दारातून पोरांचा लोंढा बाहेर पडतोय, तोंडं भीतीनं वासलेली, आणि वर गरुडासकट पूर्ण पाटी, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. वर्तमानपत्रानं हाच फोटो छापून खाली अप्पांना 'देवदूत' म्हटलं होतं.

"मी इथंच खुर्चीत होतो, मॅडम. पायाखालची जमीन हादरली. मी कुणाची वाट पाहिली नाही. धावत गेलो आणि स्वतःच्या हातानं घंटा बडवली. नाहीतर आज इथं काय झालं असतं, कल्पना करा."

"एक पोरगी दवाखान्यात आहे, ते झालंच की. मागच्या दाराला कुलूप कसं होतं?"

अप्पांचा चेहरा लगेच दुःखी झाला. "किल्ली एकाच माणसाकडं असते. आमचा राखणदार, पाशामियाँ. म्हातारा झालाय. सकाळी कुलूप काढायला विसरला. संध्याकाळी पोलीस ठाण्यातले शेषेराव जमादार येणार आहेत, त्यांच्या ताब्यात देतो. तुमचा अहवाल तेवढा जोडला की आमचं काम झालं."

तनुजानं पाशामियाँला बोलावलं. पांढरी दाढी, खाकी सदरा, आणि दोन दिवसांत निम्मं झालेलं शरीर. म्हातारा दाराशीच उभा राहिला.

"पाशाचाचा, कुलूप काढायचं विसरलात?"

"न्हाई बाईसाब. रोज सकाळी मागच्या जिन्यानं वर जातो, कुलूप काढतो, कडी सोडतो आन् कुलूप उघडंच कोयंड्यात अडकवून ठेवतो. मंगळवारी बी तसंच केलं, अल्ला कसम."

"मग लावलं कुणी?"

"ते दाबलं की लागतंय. लावायला किल्ली लागत न्हाई, काढायलाच लागती. कुनी बी लावू शकतंय."

"ऐका!" अप्पा म्हणाले. "चोराच्या उलट्या बोंबा."

म्हाताऱ्यानं अप्पांकडं पाहिलंसुद्धा नाही. तो तनुजाला म्हणाला, "बाईसाब, नोकरी गेली तर जाऊ द्या. पन मी कुलूप लावून माझ्याच लेकराला मारलं असं ल्हेऊ नका. अलीझा माझी नात हाय."

२

अप्पांनी ही गोष्ट सांगायची शिताफीनं टाळली होती. विचारल्यावर म्हणाले, "त्यानं काय फरक पडतो? निष्काळजीपणा तो निष्काळजीपणाच."

"फरक मी ठरवीन," तनुजा म्हणाली. "त्या दुपारी मागच्या जिन्याकडं आणखी कोण कोण जाऊ शकत होतं?"

मागचा लोखंडी जिना स्वयंपाकघराच्या अंगणातून वर जायचा. तिथं वावर असायचा तो केवळाबाईंचा, म्हणजे अप्पांच्या चुलतीचा. जेवणाचा मक्ता त्यांच्याकडं होता. आणि परीक्षा असली की वीरभद्र सर त्या जिन्याला एक फेरी मारायचे, कारण पोरं तिथून चिठ्ठ्या आत घेतात, असा त्यांना पक्का संशय होता. अप्पांनी दोन्ही नावं सांगितली आणि वर हातही जोडले. "पण दोघंही घरचीच माणसं, मॅडम."

वीरभद्र सर पदार्थविज्ञान शिकवायचे. लातूरच्या एका खासगी शिकवणी वर्गातून अप्पांनी त्यांना फोडून आणलं होतं, त्यामुळं त्यांचा भाव भलताच वधारला होता. प्रश्न विचारणाऱ्या पोराला ते वर्गाबाहेर काढायचे. उत्तर पाठ असताना प्रश्न पडतोच कसा, असं त्यांचं म्हणणं.

"सर, परीक्षेच्या दिवशी त्या दाराला कुलूप असलं तर तुम्हाला बरंच की."

"बरंच आहे. मी अप्पांना तसं सांगितलंही होतं. पण ते ऐकेनात. म्हणे, संकटकाळचं दार आहे, उघडंच पाहिजे. त्या दाराचं त्यांना लई कौतुक. सोमवारी आतून हिरवा रंग लावून घेतला, मंगळवारी दुपारी चिकटच होता."

"भूकंप तुम्हाला जाणवला?"

"म्हणजे काय! टेबल थरथरलं. खडू लोळत खाली पडला. मी पोरांना सांगितलं, घाबरू नका, ओळीनं चला. शेवटचं पोरगं बाहेर पडेपर्यंत मी खोलीतच थांबलो. गुरूचं कर्तव्य असतं ते."

"याआधी संकटाची कवायत झाली होती ना? तेव्हा पोरं शिस्तीत गेली?"

"शिस्तीत गेली, पण खिदळत. वर्तमानपत्राला द्यायला म्हणून फोटो काढले, तर प्रत्येक फोटोत दात. अप्पा लई चिडले. म्हणाले, हे संकट वाटतंय का वरात?"

सरांनी घाम पुसायला हात वर केला आणि तनुजाची नजर त्यांच्या मनगटावर गेली. घड्याळाच्या चामडी पट्ट्यात, शिवणीच्या खोबणीत, हिरवा तेलरंग भरून वाळलेला होता.

शेवटपर्यंत खोलीत थांबलेल्या माणसाच्या हाताला दाराचा ओला रंग लागला कसा?  तनुजा उठली आणि सरळ तिसऱ्या मजल्याकडं निघाली.

३

समई चांदीची घेतली आणि वात मात्र लावलीच नाही, अशी त्या दाराची गत होती. वर ठळक अक्षरांत 'संकटकाळी बाहेर', बाण, धावणाऱ्या माणसाचं चित्र. आतल्या बाजूला चकचकीत हिरवा रंग, आणि त्यावर ओरखडे, तळव्यांचे ठसे, घासलेल्या खांद्यांचे पट्टे. पोरं इथं किती जोरानं रेटत होती, ते त्या रंगात जसंच्या तसं उमटलं होतं. तनुजाला ते फार वेळ बघवेना.

ती दार उघडून बाहेरच्या जिन्यावर गेली आणि दार लोटून घेतलं. बाहेरून दाराला हिरवा रंग नव्हताच. नुसता तांबडा गंजरोधक हात मारून सोडला होता. मागून कोण बघतंय? कडी, कोयंडा, कुलूप, सगळं या तांबड्या बाजूला.

खाली येऊन तिनं वीरभद्र सरांना एकट्याला गाठलं.

"सर, कुलूप लावणारा माणूस बाहेर जिन्यावर उभा होता. तिथं हिरवा रंग औषधालाही नाही. तुमच्या घड्याळाला हिरवा रंग आहे. म्हणजे तुम्ही आतून दार बडवत होता. पोरांच्या मागं राहणारा माणूस दाराशी पोचला कसा?"

सरांनी आधी घड्याळाकडं पाहिलं, मग खाली. 

"मी पुढं होतो," ते शेवटी म्हणाले.

"किती पुढं?"

"सगळ्यांत. घंटा ऐकली आणि... मॅडम, त्र्याण्णवच्या भूकंपात मी औशाला होतो. मला काही सुचलं नाही. दार उघडेना, मागून पोरं अंगावर आली. हे अहवालात घेऊ नका, हात जोडतो."

"म्हणजे टेबल थरथरलं, खडू लोळला, हे काहीच बघायला तुम्ही थांबला नव्हता."

"सगळेच म्हणत होते की भूकंप झाला..."

तनुजाला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. पण एक गोष्ट पक्की झाली. जीव घेऊन त्या दाराकडं सगळ्यांच्या आधी पळणाऱ्याला ते बंद आहे हे ठाऊक नव्हतं. हा पळपुटा होता, गुन्हेगार नव्हता.

उरल्या केवळाबाई. गळ्यात जाड बोरमाळ, हातात पाटल्या, आणि जिभेवर कायम हुकूम. निलंग्याकडं यांची काळीभोर जमीन, इथं भटारखाना. त्या पाटावर बसून दोन बायकांकडून भाकऱ्या थापून घेत होत्या. अंगणात खरकट्याचा ढीग, त्याला लागून उघडी नाली, आणि नालीच्या काठाला संकटकाळच्या जिन्याची शेवटची पायरी. संकटातून वाचलेलं पोरगं सरळ खरकट्यात उतरणार, अशी सोय होती.

"काकू, या जिन्यानं पोरं खाली येऊन भाकऱ्या पळवतात, अशी तुमची तक्रार होती म्हणे."

"व्हती की! मेली राक्षसं हायती. म्या भीमाशंकराला म्हनलं, त्या दाराला टाळं घाल. त्यो म्हनतो, काकू, सरकारी नियम हाय."

"मंगळवारी तुम्ही इथंच होता?"

"मग कुठं जानार? हितंच व्हते. आन् भूकंप! अगं बाई, काय सांगू तुला! सगळं सैपाकघर हालून राहिलं व्हतं. तवा डुगडुगला, भांडी वाजली खडाखडा. किल्लारीच्या वक्ताला झालं तसंच बघ. म्या देवाचं नाव घेतलं म्हनून वाचले."

"भांडी वाजली?"

"हाव! खडाखडा!"

तनुजानं मान वळवली. कोपऱ्यात, लातूरकडच्या निम्म्या घरांत त्र्याण्णवनंतर असायची तशी, एक उतरंड रचलेली होती. खाली कळशी, कळशीवर तांब्या, तांब्यावर उपडा पेला, आणि पेल्यावर तोल सांभाळून ठेवलेली पितळी थाळी. जमीन नुसती कुशीवर वळली तरी थाळी खाली पडून दणाणते आणि झोपलेलं घर जागं होतं. सरकारची यंत्रं येण्याआधी लोकांनी आपापल्या घरी शोधलेलं हे यंत्र. हातगाडी गेली तरी कधीकधी ते कोसळायचं.

"काकू, ही उतरंड मंगळवारी पडली?"

केवळाबाई गडबडल्या. "पडली... म्हंजी, पडली आसंल. म्या परत रचली आसंल."

तनुजा कोपऱ्यात जाऊन वाकली. थाळीच्या काठापासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. जुनं, धुरानं काळं पडलेलं, पीठ बसून जाड झालेलं. एकही धागा तुटलेला नव्हता. महिनाभर तरी त्या थाळीला कुणी हात लावला नव्हता, ना माणसानं, ना धरणीनं.

तनुजा सरळ उभी राहिली. मंगळवारी दुपारी ती स्वतः याच गावात कचेरीत बसून चहा पीत होती, आणि तिला काहीही जाणवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचून तिनंसुद्धा मान डोलावली होती.

भूकंप झालाच नव्हता.

४

मग घंटा का वाजली?

तनुजा पटांगणात पिंपळाखाली जाऊन उभी राहिली. आतून पाढे म्हटल्यासारखा सूत्रांचा कोरस ऐकू येत होता. एक पोरगी दवाखान्यात पडलेली, आणि वर्ग एक दिवससुद्धा बंद नव्हते. आईबापांनीच तसा आग्रह धरला होता म्हणे. धन्य ते आईबाप.

पाशामियाँ फाटकाशी पायरीवर बसला होता. ती त्याच्याजवळ गेली, तसा तो उठून उभा राहिला.

"बसा चाचा. मंगळवारी घंटा वाजली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मोंढ्यात. अप्पांनी हार आनायला धाडलं व्हतं. पाहुने येनार म्हनाले."

"कोण पाहुणे?"

"कुनीच आलं न्हाई, बाईसाब. मी हार घेऊन परत आलो तर आत बोंबाबोंब. मागच्या बाजूनं पोरं दार बडवून राहिली व्हती, म्हनून मी जिन्यानं वर पळालो. बघतो तर कडी घातलेली, कुलूप लावलेलं. किल्ली फिरवली, दार उघडलं, तर दाराशी कुनीच न्हाई. सगळी पुढं गेली व्हती. माझी अलीझा बी."  

तनुजा त्याच्याशेजारी पायरीवर टेकली. मग तिनं विचारलं, "परीक्षा चालू असली की हे फाटक बंद असतं ना?"

"कायम बंद. रिक्षावाले पोंगा वाजवतात, सर ओरडतात. पन त्या दिशी अप्पा बोलले, दोनी फळ्या उघडून ठेव. पाहुन्यांची गाडी आत यायची हाय म्हनाले."

तनुजा रस्त्यापर्यंत चालत गेली आणि मागं वळून पाहिलं. रस्त्यावर उभं राहिलं की पाटी अर्धीच दिसत होती, कमानीचा गिलावा मधे येत होता. पूर्ण पाटी, गरुडासकट, दिसायला माणूस उंचावर पाहिजे. समोर पानाची टपरी होती. फळ्या बंद असत्या तर तिथूनही पटांगणातलं काही दिसलं नसतं.

ती परत आली. "चाचा, फोटो काढणारा त्या दिवशी कुठं होता?"

"त्यो व्हय, टपरीच्या पत्र्यावर बसला व्हता."

"तुम्ही हार घेऊन परत आलात तेव्हा?"

पाशामियाँनं आठवून पाहिलं. "न्हाई बाईसाब. मी हार आनायला निघालो, तवाच चढून बसला व्हता. मी बोललो बी त्याला, पडशील म्हनून."

फाटकाबाहेर जीप येऊन थांबली. शेषेराव जमादार वेळेच्या आधीच आला होता. आपल्याला न्यायला कुणी आलंय हे पाहून म्हातारा आपल्या सदऱ्याच्या गुंड्या लावू लागला.

५

कचेरीत सगळे जमले. अप्पा खुर्चीत, वीरभद्र सर भिंतीला चिकटून, केवळाबाई पदर सावरत, जमादार टोपी काखेत धरून. पाशामियाँ दाराशी. बाहेर पटांगणात भूकंपाच्या बातमीनं आलेल्या आईबापांचा घोळका, कारण पोलीस आले म्हटलं की गावाला बोलवावं लागत नाही.

"सही केलीत मॅडम?" अप्पांनी विचारलं.

"करते की. आधी एक सांगा, भूकंप कुणाकुणाला जाणवला?"

"सगळ्यांनाच!"

"वीरभद्र सरांना नाही जाणवला, ते घंटा ऐकून धावले. आणि सगळ्यांच्या पुढं धावले, हे त्यांनीच सांगितलंय." सरांनी डोळे मिटून घेतले. "काकूंना जाणवला, तवा डुगडुगला, भांडी वाजली. पण त्यांच्याच कोपऱ्यातली उतरंड जागची हललेली नाही. थाळीला जुनं कोळ्याचं जाळं आहे, अखंड. शेषेराव, तुमच्या घरी उतरंड असेल ना? मंगळवारी पडली?"

जमादारानं डोकं खाजवलं. "न्हाई ब्वा. आता तुम्ही इचारलं म्हनून ध्यानात आलं. मला वाटलं आपल्याच गल्लीत आला नसंल."

"गल्ली सोडून येणारा भूकंप पहिल्यांदाच ऐकते. अप्पा, जमीन हादरली नाही. गावाला आधी घंटा ऐकू आली, मग हादरा जाणवला. आणि घंटा तुम्ही स्वतःच्या हातानं बडवली, हे तुम्हीच सगळ्या जगाला सांगत फिरताय."

अप्पा सावरले. पुढारी माणूस, इतक्यानं थोडाच पडतो. "बरं, मला भास झाला असेल. सावधपणा हा काही गुन्हा नाही. त्याचा आणि कुलपाचा काय संबंध?"

"भास व्हायच्या आधी कुणी फोटोवाला टपरीवर चढवून ठेवत नाही. फाटक उघडून ठेवत नाही. राखणदाराला न येणाऱ्या पाहुण्यासाठी हार आणायला पाठवत नाही. हे तिन्ही तुम्ही घंटेच्या आधी केलं. आता कुलूप. काकूंना ते दार बंद हवं होतं, सरांनाही हवं होतं, आणि तुम्हाला ते उघडं हवं होतं. म्हणून मी दिवसभर तुम्हाला सोडून सगळ्यांवर संशय घेतला. पण त्या एका दुपारी मागचं दार उघडं असून चालणार नव्हतं. पोरं मागच्या जिन्यानं उतरली असती, तर खरकट्यात आणि नालीत उतरली असती. पाटीखालून कोण आलं असतं? टपरीवरच्या माणसानं कशाचा फोटो काढला असता, रिकाम्या दाराचा? पोरं पुढूनच यावीत एवढ्यासाठी ते कुलूप लागलं. आणि पुढच्या दाराच्या फोटोची गरज या इमारतीत एकाच माणसाला होती."

 अप्पांनी तसबिरीकडं पाहिलं, आणि माणूस किती निर्लज्ज असू शकतो हे तनुजाला त्या वेळी कळलं, कारण अप्पा चिडले ते फोटोच्या बाजूनं.

"मग काय नालीतून बाहेर पडणारी पोरं छापायची? लातूरवाले पानभर जाहिराती देतात, मॅडम! मागच्या कवायतीत कार्टी दात काढत होती. सांगून केलं की हसतात. चेहऱ्यावर खरी भीती पाहिजे होती मला. एक मिनिटाचा प्रश्न होता. खाली आली असती, मी सांगितलं असतं, शाबास, परीक्षा होती ही. ती पोरगी पडली त्याला मी काय करू?"

"आणि पाशाचाचांना पोलिसात द्यायचं, त्याला काय करायचं होतं?"

"कुणाला तरी द्यावं लागतंच," अप्पा म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाशामियाँ इतका वेळ दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. "मी नव्हतो," एवढंच तो म्हणत राहिला. "अलीझाला सांगा कुनीतरी, मी नव्हतो."

जमादारानं टोपी डोक्यावर घातली. "चला अप्पा."

गोष्ट एवढ्यावर संपायला हवी होती. पण बाहेर घोळका होता. अप्पांना जीपकडं नेताना पाहून पोरापोरींचे बाप पुढं आले. भागवतराव नावाचे देगलूरकडचे एक जमीनदार, पोरगी इथंच शिकायला, त्यांनी हात आडवे करून जीपच थांबवली.

"जमादार, जरा दमानं घ्या. परीक्षा तोंडावर हाय. शाळा बंद पडली तर लेकरांचं वर्ष जाईल. पेपर होऊ द्या, मग न्या की. अप्पा काय पळून चाललेत?"

"खरं हाय!" मागून चारपाच आवाज आले. "झालं गेलं ते झालं. त्या पोरीचा खर्च आम्ही वर्गणी काढून देतो."

तनुजाला बोलायचं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा तिला शब्द सापडेना. इतक्या माणसांना एकदम शिव्या कशा द्यायच्या, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दवाखान्यातून अमीरबी आली होती. पाशामियाँची बायको, अलीझाची दादी. नवऱ्याला घेऊन जातील म्हणून दोन घास डब्यात बांधून ती धावत आली होती. ती डबा छातीशी धरून घोळक्यातून वाट काढत पुढं आली आणि भागवतरावांसमोर उभी राहिली.

"भाऊ, तुमची पोरगी त्या दिशी जिन्यावर व्हती?"

"व्हती. देवाच्या कृपेनं सुखरूप उतरली."

"माझ्या लेकराच्या अंगावरून उतरली. तिचा मला राग न्हाई, ती भ्यालेली व्हती. तुमी कशाला भ्यालात? तुमी बी तिच्या अंगावरूनच जानार का?"

भागवतरावांचे आडवे हात हळूहळू खाली आले.  ज्यांनी वर्गणी काढायचं म्हटलं होतं, ते एकमेकांच्या मागं सरकले, आणि जीप निघून गेली.

पाशामियाँ बाहेर आला तेव्हा पटांगण मोकळं होत चाललं होतं. अमीरबीनं त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली.

"चला," ती म्हणाली, "पोरगी एकटीच हाय तिकडं."

"तिला सांगितलं का तू?"

"तुमीच सांगा," अमीरबी म्हणाली. "दोन दिस झाले, दाराकडं बघून राहिली. दादाजान का येईनात म्हनून इचारती."